ओढणारा कोण? एटीव्हीच्या मागच्या हुकाचा विचार

मागच्या व्याख्यानात कारण आणि कार्य यांविषयी बोलताना आपण घोडा आणि गाडीचा जुना प्रश्न मधेच सोडून दिला होता. वेळ संपली होती. आज तो पुरा करू. फक्त घोड्याच्या जागी एक वेगळे जनावर घेऊ. एटीव्ही. चार फुगीर टायर, घोड्यासारखी मांड ठोकून बसायची सीट, मोटारसायकलसारखे हँडल. आपल्याकडे बहुतेकांनी हे वाहन पाहिले असेल ते समुद्रकिनाऱ्यावर, पैसे देऊन एक चक्कर मारण्यापुरते. पण अमेरिकेत, कॅनडात, न्यूझीलंडमध्ये ते कामाचे वाहन आहे. जळाऊ लाकूड आणणे, गवताच्या गाठी वाहणे, कुंपणाचे खांब नेणे, मेंढ्यांमागे फिरणे, तणनाशकाची टाकी ओढणे, ही त्याची रोजची कामे.

हा विषय तत्त्वज्ञानाच्या माणसाने का घ्यावा? कारण एका श्रोत्याने पत्र पाठवले आहे. ते कॅनडात राहतात, थोडी जंगलाची जमीन आहे. पडलेल्या झाडाचा एक ओंडका त्यांनी दोरीने एटीव्हीच्या मागच्या सामानाच्या रॅकला बांधला आणि गाडी पुढे काढली. ओंडका कुठल्याशा मुळाला अडला आणि गाडीची पुढची दोन्ही चाके हवेत गेली. त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला म्हणून निभावले. ते विचारतात, "पुस्तकात पाचशे किलो ओढण्याची क्षमता लिहिली आहे. ओंडका तीनशेचाही नसेल. मग असं का झालं?"

प्रश्न उत्तम आहे. त्यात एक गृहीतक दडलेले आहे, की ओढण्याची शक्ती हा त्या यंत्राचा गुण आहे, जसा त्याचा रंग. पाचशे म्हणजे पाचशे, कुठेही, कशालाही. आपण आधी हे गृहीतक तपासू.

त्यापूर्वी या यंत्राचा थोडा जन्मवृत्तांत, कारण त्याचा स्वभाव तिथून आलेला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांना अडचण अशी होती की हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत. बर्फात, चिखलात चालेल असे काहीतरी द्या, अशी मागणी जपानला गेली. ओसामु ताकेउची या अभियंत्याने तीन चाकांची, फुग्यासारख्या टायरांची गाडी बनवली, ती १९७० मध्ये बाजारात आली. म्हणजे मुळात ही गंमतीची गाडी. १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची आणली. तीन चाकांच्या गाड्या फार उलटत, आणि १९८८ मध्ये अमेरिकन सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी त्यांची विक्री तिथे थांबवली. शेतकऱ्यांनी चार चाकांची उचलली, तिच्यामागे हूक आला, हुकाला ट्रॉली आली. ट्रॅक्टरचे तसे नाही. ट्रॅक्टर जन्मालाच ओढण्यासाठी आला. एटीव्ही ओढायला लागली ती नंतर, आणि ती आहे हलकी, आखूड, उंच. हे तीन शब्द लक्षात ठेवा.

आता घोडा. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात तिसरा नियम समजावताना घोड्याचेच उदाहरण घेतले आहे. दोरीने बांधलेला दगड घोडा ओढतो, तेव्हा दगडही घोड्याला तितक्याच जोराने मागे ओढतो. विद्यार्थी इथे हमखास अडतो. दोन्ही ओढी सारख्या असतील तर गाडी हलते कशी? आम्ही वर्गात हा प्रश्न टाकला की निम्मा वर्ग म्हणायचा, घोड्याची ओढ थोडी जास्त असणार. नाही हो! अगदी सारखी असते. उत्तर दोरीत नाहीच, ते खाली आहे. घोडा टापांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन घोड्याला पुढे रेटते. गुळगुळीत बर्फावर तोच घोडा, तीच ताकद, तोच दगड, आणि काही हलत नाही. म्हणजे ओढणारा घोडा एकटा नव्हे. घोडा आणि जमीन मिळून ओढतात.

एटीव्हीच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. इंजिनात जोर पुष्कळ असतो, खालच्या गिअरमध्ये तर टायरला जमिनीवर धरवणार नाही इतका. तेव्हा प्रश्न इंजिन किती जोर लावते हा नसून जमीन किती जोर घेऊ देते हा आहे. आणि जमीन किती घेऊ देते हे दोन गोष्टींवर ठरते, चाकांवर वजन किती आणि पृष्ठभाग कसला. कोरड्या कठीण मातीवर ही पकड चाकांवरच्या वजनाच्या सत्तर टक्के धरू. ओल्या गवतावर जेमतेम एक तृतीयांश. हे आकडे हिशोबापुरते घेतले आहेत, पण गंभीरपणे घ्यावेत असे आहेत.

आता ओंडक्याचा हिशोब मांडू. कागद-पेन्सिल घ्या हवी तर.

एटीव्हीचे वजन ३०० किलो, चालवणारा ८०. मिळून ३८०. या सगळ्या वजनाचा मध्यबिंदू मागच्या आसाच्या साधारण ५६ सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. पुढचे चाक उचलायचे म्हणजे हे ३८० किलो मागच्या टायरच्या टेकणीभोवती फिरवायचे. त्याला विरोध किती? ३८० गुणिले ०.५६, म्हणजे सुमारे २१३. हा त्या गाडीचा पुढे पाय रोवून उभे राहण्याचा हट्ट समजा. दोरी मागे ओढते ती या हट्टाच्या विरुद्ध, आणि तिचा परिणाम दोरी किती उंचीवर बांधली आहे त्यावर अवलंबून. रॅक जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर आहे. तर २१३ भागिले ०.८५, म्हणजे २५० किलोची ओढ आली की पुढची चाके सुटली. हूक आहे ४० सेंटिमीटरवर. तिथे बांधली असती तर? २१३ भागिले ०.४०, म्हणजे पाचशे तीसच्या वर.

आता पकडीचा आकडा आठवा. कोरड्या मातीवर ३८० किलोची गाडी जास्तीत जास्त ओढणार किती? सत्तर टक्के, म्हणजे २६६. बघा काय झालं. हुकाला बांधले असते तर २६६ वर चाके जागच्या जागी फिरली असती, माती उडाली असती आणि काम तिथेच थांबले असते. पाचशे तीसपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. रॅकला बांधल्यावर मात्र २५० आधी येतात. चाके घसरायच्या आधी गाडी उचलते. आणि ओंडका तीनशेचा नव्हता हे खरे असले तरी तो मुळाला अडला, त्या क्षणी त्याचे वजन किती हा प्रश्नच उरला नाही. अडलेला ओंडका म्हणजे भिंत. दोरीत ओढ तितकी येते जितकी टायर जमिनीतून मिळवू शकतात.

म्हणजे हूक खाली असणे ही कारखानदाराची सोय नाही. खालचा हूक गाडीला हार मानू देतो. चाक घसरणे हा आपल्याला दोष वाटतो, पण इथे तोच बचाव आहे. म्हणून रॅकला, सीटच्या मागच्या दांड्याला, आसाच्या वर कुठेही दोरी बांधू नये. हुकालाच बांधावी, आणि हूक उंच करणारी जोडपट्टी लावू नये. चढावर हा हिशोब आणखी बिघडतो, कारण चढावर वजनाचा मध्यबिंदू मागच्या चाकाकडे सरकल्यासारखा होतो. सपाटीवर जो धक्का पचला तो चढावर पचत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात ज्यांनी रस्ते पाहिले आहेत त्यांना हे दृश्य नवे नाही. दोन ट्रॉल्या भरून ऊस, आणि चढाला ट्रॅक्टरचे तोंड वर. ड्रायव्हर तसाच पुढे नेतो, कधी बोनेटवर माणसे बसवतो. लोक त्याचे व्हिडिओ काढतात आणि कौतुक करतात. आम्हाला त्यात कौतुकासारखे काही दिसत नाही. पुढचे चाक हवेत म्हणजे स्टिअरिंग नावापुरते.

आता हुकावर खालच्या दिशेने येणारे वजन. इथे आपल्या भाषेने आपल्याला आधीच शहाणे करून ठेवले आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेला खालून ओढ बसते आणि त्यांचा पाय ठरत नाही. माल पुढे जास्त झाला तर धुरेवर ओझे येते आणि बैलांच्या मानेवर गाडीचा भार बसतो. जुना गाडीवान पोती रचताना मधेच उतरून जू हाताने उचलून पाहायचा. किंचित जड लागले पाहिजे. फार नाही, पण जड.

एटीव्हीच्या ट्रॉलीचे शास्त्र एवढेच आहे. दोन चाकांची ट्रॉली ही बैलगाडीच. तिच्या दांड्याचा भार हुकावर थोडासा यावा. ढोबळ नियम असा की भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाच्या साधारण दहा टक्के. अडीचशे किलोची ट्रॉली असेल तर पंचवीस किलो. पण यंत्राच्या पुस्तकात हुकावरच्या भाराची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, आणि लहान यंत्रांत ती याहूनही कमी असू शकते. पुस्तकातला आकडा मानायचा आणि एकूण माल त्या हिशोबाने कमी करायचा. मोजायचे कसे? घरातला वजनकाटा घ्या, ट्रॉली सपाट जागी, दांडा हुकाच्या उंचीवर येईल अशा लाकडी ठोकळ्यावर टेकवा, ठोकळा काट्यावर. ठोकळ्याचे वजन वजा करा. झाले.

भार कमी पडला, किंवा ट्रॉली चक्क उलाळ झाली, तर ती एटीव्हीचे बूड उचलते. मागच्या चाकांवरचे वजन जाते, म्हणजे पकड जाते, आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. भार जास्त झाला तर पुढचे चाक हलके होते, हँडल लोण्यासारखे फिरते. नवख्याला हलके हँडल आवडते. ती धोक्याची खूण आहे.

पोत्यांचे एक बरे असते, ठेवली तिथे राहतात. टाकीचे तसे नाही. तणनाशकाची अर्धी भरलेली टाकी घेऊन निघालात, सपाटीवर सगळे तोललेले होते. चढ लागला, पाणी मागे गेले, आणि ट्रॉली वाटेत उलाळ झाली. उतार लागला, पाणी पुढे आले. आडव्या उतारावर पाणी खालच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूला उलटायचे त्याच बाजूला. पूर्ण भरलेली टाकी जड असते पण स्थिर असते. अर्धी टाकी हलकी पण चंचल. आत आडव्या जाळ्या असलेली टाकी असेल तर हिंदकळणे कमी होते. नसेल तर चढउताराचा भाग टाकी भरलेली असताना करायचा की रिकामी, याचा विचार घरून निघतानाच करावा.

यानंतर आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि त्यावर लोक सर्वांत कमी बोलतात. थांबणे.

जाहिरातीत लिहितात, इतके किलो ओढते. इतके किलो थांबवते असे कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. या छोट्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे थांबवायचे सगळे काम एटीव्हीच्या चार चाकांनी करायचे, आणि तेही फक्त त्या चाकांवर जे वजन आहे त्याच्या भरवशावर. पुन्हा हिशोब. ट्रॉली भरून ५०० किलो, त्यातले २० किलो हुकावर. एटीव्ही आणि माणूस ३८०. तर एटीव्हीच्या चाकांवर वजन ४००. सगळे मिळून ८८०. उतार पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे गेलो की एक मीटर खाली. अशा उतारावर ८८० किलो आपल्याला खाली लोटणार साधारण १७२ किलोच्या जोराने. ओल्या गवतावर चारशे किलोची पकड किती? एक तृतीयांश, १३३.

१७२ खाली लोटताहेत, १३३ धरून ठेवताहेत. ब्रेक कितीही दाबा. चाके बंद पडतील आणि सगळा लवाजमा घसरत जाईल. शिवाय ट्रॉली मागून ढकलते आहे, ती सरळ ढकलत नाही. हुकाशी जरा कोन झाला की ती एटीव्हीचे बूड बाजूला सारते आणि गाडी दुमडते, चाकू मिटावा तशी. आता त्याच उतारावर ट्रॉली २५० किलोची करा. एकूण ६३०, खाली लोटणारा जोर १२४ च्या आत. हुकावरचा भार थोडा घटल्याने पकडही किंचित कमी होते, पण जेमतेम निभावते. गवत कोरडे असेल तर निर्धास्त. तेच यंत्र, तोच हूक, पुस्तकातला तोच पाचशेचा आकडा. पुस्तकातला आकडा सपाट, कोरड्या जमिनीशी केलेला करार आहे. जमीन बदलली की करार नव्याने करावा लागतो.

म्हणून वर चढताना जितके ओढता येते तितके खाली आणता येईलच असे नाही. वर जाताना तर यंत्र स्वतःच सांगते, चाके फिरतात, दम लागतो. खाली येताना ते काही सांगत नाही, आणि सांगते तेव्हा उशीर झालेला असतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, इंजिनालाच आवर घालू द्या, आणि सरळ खाली या, तिरके नको. बहुतेक एटीव्हींमध्ये गिअरच्या दातांऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी आपोआप बदलणारी व्यवस्था असते. जड ओझे वरच्या गिअरमध्ये हळूहळू ओढले की हा पट्टा घसरून तापतो, जळका वास येतो. खालचा गिअर त्यासाठीही.

बाकी जोडणीच्या गोष्टी थोडक्यात. गोळ्याचा हूक असेल तर गोळा आणि वरची वाटी एकाच मापाची हवी, आणि खटका बसला का हे दांडा वर उचलून पाहावे. पिनेचा हूक असेल तर पिनेला खालून क्लिप हवीच, खडबडीत जमिनीवर नुसती पिन उडून जाते. दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे हूक सुटला तरी दांडा त्यांच्यावर झुलतो, जमिनीत रुतत नाही. दगडधोंड्यांच्या वाटेवर दांडा स्वतःभोवती फिरू शकेल असा असावा, नाहीतर ट्रॉली उलटली की एटीव्हीलाही पिळून उलटवते. ओंडके ओढणाऱ्यांसाठी दोन चाकांची एक कमान मिळते, तिने ओंडक्याचे पुढचे टोक उचलले जाते, मग तो मुळांना अडत नाही. आणि ट्रॉलीत माणूस बसवू नये, पोर तर मुळीच नाही.

ऑस्ट्रेलियात शेतावरच्या मृत्यूंमध्ये क्वाड बाईक इतकी पुढे आली की सरकारने २०१९ मध्ये सुरक्षेचे मानक आणले, आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या कामाच्या क्वाडला मागे संरक्षक कमान सक्तीची झाली. गाडी उलटली तर चालवणारा पूर्ण चिरडला जाऊ नये, थोडी पोकळी राहावी, एवढाच तिचा उद्देश. काही कंपन्यांनी यावर नाराज होऊन तिथली विक्रीच बंद केली. कमान उलटणे थांबवत नाही हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा खरा आहे. पण हेल्मेटही अपघात थांबवत नाही. या वादात आम्ही कमानीच्या बाजूने आहोत.

आता प्रश्न घेऊ. वेळ थोडा आहे.

एक प्रश्न आला आहे की मागे घेताना ट्रॉली नेहमी उलट्या बाजूला जाते, याला उपाय काय. उपाय म्हणजे घाई न करणे. हुकापासून पुढे एटीव्ही एक वस्तू, मागे ट्रॉली दुसरी. पुढे जाताना त्या एक असल्यासारख्या वागतात, मागे येताना त्यांचे वेगळेपण उघडे पडते. ट्रॉली डावीकडे न्यायची तर एटीव्हीचे बूड आधी उजवीकडे गेले पाहिजे. आखूड ट्रॉली फार लवकर वळते, लांब दांड्याची सावकाश. वळायला लागली की लगेच हँडल परत आणावे. कोन वाढला तर पुढे जाऊन सरळ करावे आणि पुन्हा सुरू करावे. यात कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न. चढावर मधेच अडकलो, चाके फिरताहेत, पुढे जात नाही, मागे ट्रॉली. काय करावे? वळवू नका. उतारावर आडवे होणे सर्वांत वाईट. ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक धरा, पार्किंगचा खटका लावा, आणि चढाच्या वरच्या बाजूला उतरा. जवळचे दोन मोठे दगड किंवा लाकडे ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या मागे घट्ट बसवा, मग एटीव्हीच्या चाकांमागे. आता घाई संपली. ट्रॉलीतला माल थोडा थोडा खाली काढा, पण मागून काढू नका, ट्रॉलीच्या मागे उभेच राहू नका. बाजूने काढा, आणि काढताना पुढचा आणि मागचा सारखा काढा, नाहीतर मघाशी म्हटले तशी ती उभ्या उभ्या उलाळ होईल. अर्धा माल गेला की खालच्या गिअरमध्ये, चारही चाके जोडून, हलक्या हाताने प्रयत्न करा. तरी नाही जमले तर पिन काढायची वेळ येते. ती काढण्याआधी ट्रॉलीच्या चाकांमागचे दगड पायाने दाबून पुन्हा एकदा पाहा, आणि दांड्याच्या पुढच्या टोकाखाली ठोकळा द्या.